सुताने आवळलेलं स्टिअरिंग

सत्तरच्या दशकात सोलापुरात पॉवर स्टिअरिंगची गाडी म्हणजे नवलच. शुक्रवार पेठेत सुताचा व्यापार करणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी अशी एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. चाक करंगळीने वळायचं, पण ती किमया पुढच्या एका तेलाच्या नळीची होती, आणि मेहुणीला मैंदर्गीला दाखवायला न्यायचं त्याच सकाळी नळी ठिबकू लागली. मुलाच्या आजीला प्रवास झेपत नव्हता, म्हणून आम्हीच जायचं ठरलेलं. आधी जाणं दोनदा लांबलं होतं. आता चुकलं तर स्थळ गेलं, असं सासूबाई कानडीत म्हणाल्या. तेवढं कानडी मला कळायचं.

मी नवा जावई. त्या घरात जावयाला कुणी 'असं नको' म्हणत नसे. मी पाना मागितला की पाना यायचा.

नट आवळला. इंजिन बंद असताना नळी कोरडी ठणठणीत. इंजिन चालू करून चाक वळवलं की ठिबक सुरू. आणखी आवळला, तर ठिबक वाढली. आवळल्यावर गळती वाढावी, हा कुठला न्याय? न्हाणीतल्या नळाला आपण आट्यांवर सूत गुंडाळतोच, आणि सुताला त्या घरात काय तोटा? चांगले वेढे मारले आणि पान्यावर पाय देऊन नट पिळला.

"बरोबर हाय की, जावईबापू," सासरे म्हणाले. पण म्हणताना ते एस.टी. स्टँडच्या दिशेला बघत होते.

अक्कलकोटच्या पुढे तेल संपलं आणि चाक जात्यासारखं जड झालं. वळण आलं की मी आणि सासरे दोघं मिळून ते ओढायचो. मुलाच्या दारात तर वळताच येईना. गाडी कडब्याच्या गंजीत घुसून थांबली.

मुलगा धावत आला, बॉनेट उघडून वाकला.

"पावणं, ह्या नटाला सूत कशाला?"

"गळू नये म्हणून."

"मग गळायचं थांबलं?"

मी रुमालाने नटावरचं तेल पुसलं.

"मलाबी ह्यातलं काय कळत न्हाई," तो म्हणाला, "पण हे चुकलंय असं वाटतंय."

पुढे कुणीतरी सांगितलं, की तिथे गळती आटे अडवतच नाहीत. नळीचं पसरट तोंड आत नीट टेकलं की बेताने आवळायचं, मध्ये सूत आलं की ते टेकतच नाही. मी मान डोलावली. कळलं असं नाही.

परतताना एस.टी.त सासूबाईंनी भीतभीत मेहुणीला विचारलं. या फजितीवर ती काय बोलणार, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"पसंत हाय," ती म्हणाली. "कळत न्हाई ते कळत न्हाई म्हणत्यात. घरात असा एक तरी जावई पायजे की."

"साकु," म्हणजे पुरे, असं सासरे तिला म्हणाले, पण ओठांत हसू दाबून. यात माझ्याविषयी काही होतं का, याचा विचार मी सोलापूर येईपर्यंत करत होतो.