बॅटरी नसलेल्या पिकअपमधला लाल दिवा

आधी माझी चूक सांगतो, कारण ती सोडून बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही. सहा वर्षांपूर्वी एका पिकअपच्या मीटरमधला ऑइलचा लाल दिवा मी काढून ठेवला. ड्रायव्हरला ते सांगितलं नाही. आणि इंजिन जाम झाल्यावर सगळा दोष त्याच्यावर जाऊ दिला.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी मेस्त्री आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अलीकडे माझं पत्र्याचं गॅरेज आहे. वय बावन्न, आणि पंचवीस वर्षं फक्त पिकअप गाड्यांची इंजिनं उघडलीत. काळा धूर आला तर एअर फिल्टर चोक, नाहीतर नोझल खराब. गाडी तापते तर रेडिएटर तुंबलाय किंवा फॅनचा पट्टा सैल आहे. सकाळी स्टार्ट होत नाही, म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरलीय. कारण सापडत नसेल तर मेस्त्रीला काम येत नाही, असं मी गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून सांगायचो.

ऑइलच्या दिव्याचंही तसंच. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. चालत्या गाडीत लागला तर ऑइलचं प्रेशर पोचत नाही असं समजायचं आणि गाडी जागेवर बंद करायची. फक्त कधीकधी प्रेशर ओळखून दिवा लावणारा स्विच खराब असतो आणि दिवा खोटाच लागतो... त्या 'कधीकधी'च्या भरवशावर मी राहिलो.

मल्लिनाथ वळसंगचा. एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची पिकअप चालवायचा. घरात कन्नड, बाहेर मराठी. गाडीला इतका जपायचा की बाकीचे ड्रायव्हर त्याला 'नवरदेव' म्हणून चिडवायचे. एके दिवशी दुपारी गाडी माझ्या दारात लावून म्हणाला, "मेस्त्री, लाइट लुकलुकतोय बघा. गाडी गरम झाली आन् कुटं थांबलो की लागतोय."

मी ऑइलची पट्टी काढून बघितली. "फुल हाय की ऑइल. स्विच गेलं असंल."

"बघून सांगा नीट. मला लई भ्या वाटतंय त्या लाइटचं."

"बायकोला पण इतकं भीत न्हाईस रं नवरदेवा!"

तो हसला. "बायको परत माघारी येती मेस्त्री, इंजिन येत न्हाय."

नवा स्विच माझ्याकडे नव्हता. गाडीत माल भरलेला, संध्याकाळच्या आत पोचवायचा होता. खरं तर प्रेशर गेज लावून बघायला अर्धा तास लागला असता. पण दारात आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. मल्लिनाथ समोरच्या टपरीवर चहाला गेला तेवढ्यात मी मीटर खोलला आणि ऑइलचा बल्ब काढून खिशात टाकला. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. लाइट दिसला नाही की ड्रायव्हर बडबड करत नाही. तो आला तेव्हा म्हणालो, "झालं काम. आता न्हाय लागणार."

पुढच्या आठवड्यात स्विच आणून बसवायचा असं ठरवलं होतं... आणि विसरलो.

सतरा-अठरा दिवसांनी वैरागच्या अलीकडे इंजिन जाम झालं. गाडी टोचन करून माझ्याच गॅरेजला आणली. खालचं चेंबर उतरवलं तर ऑइल ओढणारी जाळी काळ्या गाळाने पूर्ण बंद. बेअरिंग वितळून क्रँकला चिकटलेल्या. स्विच ठणठणीत होता. दिवा खरं सांगत होता.

कारखान्याचे मालक यायच्या आत मी बल्ब परत मीटरमध्ये बसवला.

मालकांनी विचारलं, "लाइट लागला नव्हता का?" मल्लिनाथ म्हणाला, "न्हाय शेट. शपथ. एकदाबी न्हाय." मग मालकांनी मला चावी फिरवायला सांगितली. मी फिरवली. दिवा लख्ख लागला.

"मग हे काय लागलंय?" मालक त्याच्यावर ओरडले. "डोळे कुटं गेलते तुजे?"

मल्लिनाथ त्या दिव्याकडे बघत राहिला. माझ्याकडे त्याने संशयाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण तो स्वतःच्याच मनाशी काहीतरी आठवत होता. शेवटी हळूच म्हणाला, "लागला असंल शेट. माज्याच ध्यानात आला नसंल."

मी तिथेच उभा होतो.

त्याला कामावरून काढलं. इंजिन खाल्लेला ड्रायव्हर म्हणून एमआयडीसीत त्याला दुसरं कुणी ठेवेना.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. इंजिन बांधून झाल्यावर मी ट्रायलला बसलो, तर चालू गाडीत लाल दिवा लागला. गेज लावला, प्रेशर एकदम बरोबर. गाडीचा नवा ड्रायव्हर बसला तर दिवा बंद. परत मी बसलो, लागला. स्विच बदलला. वायर बदलली. वाटलं, सीटखाली कुठेतरी वायर दबत असेल, म्हणून माझ्या वजनाएवढे टॉवेलांचे गठ्ठे सीटवर ठेवून बघितले. नाही लागला. शेवटी स्विचची वायरच काढून बाजूला धरली. तशी ठेवली की तो दिवा लागूच शकत नाही, कुठल्याही मेस्त्रीला विचारा. नवा ड्रायव्हर वायर हातात धरून बाहेर उभा होता, मी आत बसलो... आणि दिवा लागला.

त्यानंतर त्या गाडीची ट्रायल मी कधी घेतली नाही. काही ना काही कारण काढून दुसऱ्याला बसवायचो.

तीन वर्षांपूर्वी मालक वारले, कारखाना बंद पडला. गाडी काही दिवस तिथेच धूळ खात पडली, मग भंगारात गेली. गेल्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या पिकअपला दरवाजा हवा होता म्हणून मी सलीमभाईच्या भंगारच्या आवारात गेलो. भर दुपार, डोक्यावर ऊन. नंबरप्लेट काढलेली होती, पण गाडी मी ओळखली. इंजिन नव्हतं. बॅटरी नव्हती, नुसता रिकामा ट्रे होता. बिजागरीचे बोल्ट आतून खोलायचे म्हणून मी सीटवर टेकलो.

लाल दिवा लागला.

उन्हाची तिरीप असेल म्हणून मीटरवर दोन्ही हात धरले. सावलीत तो आणखी स्पष्ट दिसला. सलीमभाई खिडकीतून वाकून बघत होते. "क्या मेस्त्री, बिना बॅटरीके लाइट? क्या जादू लगाए?" म्हणत हसले. मग म्हणाले, "जरा उतरो तो." मी उतरलो. विझला. "बैठो." लागला. त्यांनी स्वतः बसून बघितलं, काही नाही. मग मला परत बसवलं. दिवा परत लागला. या वेळी ते हसले नाहीत.

"तुम जाओ मेस्त्री," ते म्हणाले. "दरवाजा मैं निकालके भेजतूं."

का लागला? मला माहीत नाही. लाइनीतल्या जुन्या मेस्त्रींना विचारलं, एका ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारलं. करंट नसताना बल्ब लागत नाही, एवढंच सगळे सांगतात, आणि ते मलाही कळतं. परत बघायला दोन दिवसांनी गेलो तर गाडी गॅसने कापून झाली होती. सलीमभाई तो विषय काढू देत नाहीत. आता तपासायलाही काही उरलं नाही.

पण त्या दुपारी तिथून मी गॅरेजला गेलो नाही. मोटारसायकल तशीच वळसंगला घातली.

मल्लिनाथ घराच्या ओट्यावर बसला होता. केस पांढरे झालेले. शेजारी त्याची म्हातारी आई, समोर बायको ज्वारी निवडत होती. मी पाणीही न घेता सगळं सांगून टाकलं. बल्ब काढला तो, परत बसवला तोही.

त्याने विचारलं, "मंजे लाइट लागलाच नव्हता?"

"न्हाय."

"मी डोळे तपासून आलो हुतो मेस्त्री. डॉक्टर म्हनला, चांगले हायत. तरी परत स्टेअरिंग धरलं न्हाय. वाटलं, आज लाइट दिसला न्हाय, उद्या मानूस दिसनार न्हाय." तो थांबला. "शेटला सांगितलं का?"

"शेट गेले. तीन वर्षं झाली."

"मग आता कुनाला सांगायला आलाव?" त्याची बायको म्हणाली. "सा वर्सं रोजानं जातोय ह्यो मानूस दुसऱ्याच्या रानात. घरातबी सगळे म्हंत्यात, ह्येच्या हातात गाडी देऊ नगा. आता सांगून काय व्हतंय?"

त्याच्या लायसनची मुदतही कधीच संपून गेली होती, हेही तिनेच सांगितलं.

म्हातारीला मराठी येत नाही. ती मुलाकडे बघून विचारत होती, "एन अंतान?" काय म्हणतोय हा? मल्लिनाथने माझ्याकडे बोट केलं. मला म्हणाला, "तुमीच सांगा तिला. तिलाबी माजंच चुकलं आसं वाटतंय."

माझं कन्नड गिऱ्हाइकांपुरतं, मोडकंतोडकं. मी तिच्या पायाशी बसलो. चूक माझी आहे, याची नाही, मी चुकलो, एवढं तरी तिला नीट कळायला हवं होतं, म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणालो, "तप्पु नंद ऐतरी, अव्वा. मल्लिनाथंद अल्ल. तप्पायतु."