महेबूबचाचांची नजर

लोकलच्या केबिनमध्ये एकटे असले तरी महेबूबचाचा मोठ्यानं बोलायचे. पुढचा सिग्नल दिसला की त्याच्याकडे बोट करून त्याचा रंग पुकारायचा, हा चालकांसाठी नियमच आहे. बाकीचे मोटरमन तो ओठांतल्या ओठांत पाळत. चाचा मात्र पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसे पुकारत, आणि तेही आमच्या बीडकडच्या बोलीत. “हिरवा हाय. चला.” गाडी हैदराबादची, मागच्या डब्यांतून तेलुगू आणि उर्दू ऐकू यायची, पुढं धारूरचा माणूस मराठीत सिग्नल वाचत असायचा.

मी तेलगावची. मालगाडीवर सहायक म्हणून काही वर्षं काढल्यावर लोकल चालवायला शिकण्यासाठी मला हैदराबादला पाठवलं. पहिल्या दिवशी चालकांच्या हजेरीच्या खोलीत मी आईशी फोनवर बोलत होते. समोरच्या बाकावर पांढऱ्या दाढीचा एक माणूस डबा पुसत बसला होता. मी फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, “तेलगाव का माजलगाव?”

“तेलगाव. तुमी कसं ओळखलं?”

“मी धारूरचा. घाट उतरला की तुमचाच ऊस दिसतो,” तो म्हणाला आणि पुन्हा डबा पुसायला लागला. मला शिकवायला हाच माणूस नेमलाय, हे तासाभरानं कळलं.

गाववाली म्हणून त्यांनी मला सवलत दिली नाही. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला हँडलला हात लावू दिला नाही, नुसतं शेजारी उभं केलं. ब्रेकबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, “मागं झोपलेलं लेकरू उठलं तर ब्रेक चुकला.” रुळांवरून आडवं जाणाऱ्या माणसांवर मी एकदा चिडून लांबलचक हॉर्न वाजवला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. “हॉर्न म्हंजी हाक हाय, शिवी न्हाई. त्येला बी घरी जायची घाई हाय, आपल्याला बी हाय. फरक एवढाच, आपलं वजन जास्त हाय.”

शेवटच्या स्टेशनावर गाडी उलटी निघायची. मग आम्ही एका टोकाच्या केबिनमधून उतरून फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत जायचो. चाचा खाजगी काही बोलले तर त्या चालण्यातच. एकदा असंच त्यांनी सांगितलं की नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या गाडीखाली एक तरुण आला होता. चौकशीत चाचा निर्दोष ठरले. तरी महिन्याभरानं ते त्या मुलाचं घर शोधत गेले. त्याच्या आईनं दार उघडलं, ते कोण हे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

“मला लई दिवस वाटायचं, मी त्या माउलीसाठी गेलतो,” चाचा म्हणाले. “मंग कळलं, मी माझ्यासाठी गेलतो. मला हलकं व्हायचं होतं. तुझ्यावर अशी येळ आली तर कुणाच्या दारात जाऊ नको.” एवढं सांगून ते केबिनमध्ये चढले आणि सिग्नलकडं बघू लागले.

माझं शिकणं संपायला आठवडा राहिला असताना ती सकाळ आली. गाडी चाचा चालवत होते, मी शेजारी उभी होते. ऊन समोरून येत होतं. वळण घेतल्यावर सिग्नल दिसला आणि चाचांनी बोट केलं, “हिरवा हाय. चला.”

सिग्नल पिवळा होता. म्हणजे त्याच्या पुढचा लाल असणार.

“चाचा, पिवळा हाय.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. हात आधी ब्रेकवर गेला. गाडी हळू झाली, पुढं लाल दिसला आणि त्याच्या बऱ्याच अलीकडं आम्ही थांबलो. मागं कुणाला काही कळलं नाही. चाचा डोळे बारीक करून तो लाल दिवा बघत राहिले. पुढच्या प्रत्येक सिग्नलला त्यांनी बोट केलं, पण रंग मला पुकारायला लावला.

फेरी संपल्यावर ते चहाला न जाता साहेबांच्या खोलीकडं निघाले. ते काय सांगणार हे मला समजलं. मी त्यांच्यामागं गेले.

“चाचा, काहीच झालं न्हाई. गाडी येळेवर थांबली. कुणाला कळलं न्हाई, मग कशाला सांगता?”

“तुला कळलं की.”

“मी कुणाला सांगणार न्हाई.”

“तेच तर,” ते म्हणाले. “माझ्याजवळ शिकून तू पहिली गोष्ट गप बसायची शिकशील. ते न्हाई पायजे मला.” आणि ते आत गेले.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शिवाय साखरेच्या आजारानं आतला पडदा खराब झाला होता, त्यामुळे ऑपरेशननं गाडी चालवण्याइतकी नजर परत येणार नव्हती. त्यांना हजेरीच्या खोलीत टेबलाच्या कामावर बसवलं. दीड वर्ष ते आम्हा चालकांच्या सह्या घेत राहिले. माझी सही घेताना ते कधी काही बोलले नाहीत, फक्त वहीवर बोट ठेवून जागा दाखवत. निवृत्त झाल्यावर ते चाचींना घेऊन धारूरला परतले. फोन करीन म्हणत म्हणत मी तीनचारदाच केला. ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. मातीला पोचता आलं नाही.

नंतरच्या सुट्टीत परळीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं धारूरला गेले. किल्ल्याकडच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. चाचींनी माझ्यापुढं सीताफळं ठेवली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “साहेब लोकांनी डोळे तपासले आन् गाडीवरनं उतरवलं, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. ते त्यांच्या मनाला लई लागलं. भावकीत बी लोक इचारायचे, काय गुन्हा केला म्हणून.”

मला वाटलं, ह्यांना खरं काय ते कळायला हवं. मी त्या सकाळचं सगळं सांगितलं. पिवळा सिग्नल, साहेबांची खोली, ‘तुला कळलं की’. त्यांना कुणी उतरवलं नव्हतं, ते आपण होऊन उतरले होते.

चाची म्हणाल्या, “त्यांची नजर गेल्याचं मला वरीसभर आधी म्हाईत होतं. राखाडी शर्ट म्हणून निळा घालायचे. मीच बदलून द्यायचे, काही बोलायचे न्हाई. दवाखान्यात न्हेलं तर गाडी सुटल, आन् गाडीबिगर ह्यो माणूस जगायचा न्हाई, असं वाटायचं. मागं एवढी माणसं बसलेली असतात, त्यांचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

त्यांनी सीताफळांची ताटली माझ्याकडं सरकवली.

“मला म्हाईत हाय, हे त्यांना ठाऊक होतं का गं?”

“म्हाईत न्हाई, चाची.”

“ठाऊक असंलच,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर घरात खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.”