मुलगी कमावती आहे

देवगडच्या कोर्टात वकिलाने मला उजवा हात पुढे करायला सांगितले. मी केला. मधल्या बोटावर शाईचा डाग होता.

"साहेब, पाहावे," तो मॅजिस्ट्रेटना म्हणाला. "हा कारकुनाचा हात आहे."

मागच्या बाकावरचे लोक हसले. मी सोळा वर्षांची होते. दहावीत. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे.

वकील माझ्या बापाचा होता. बाप मिठबावचा, दोन आंबाबागांचा मालक. त्याचे लग्नाचे घर तिथे. आई आणि मी जामसंड्याला, भाड्याच्या खोलीत. माझ्या आईशी त्याने लग्न केले नव्हते. मी सहा वर्षांची असताना आई एकटी कोर्टात गेली, भर कोर्टात त्याचे नाव घेतले आणि माझ्या पोटगीचा हुकूम मिळवला. माझी शाळा त्याच पोटगीवर चालली होती. आता तो हुकूम रद्द व्हावा म्हणून बापाने अर्ज केला होता. अर्जातले वाक्य मला पाठ आहे. "मुलगी आता मोठी झाली असून ती कमावती आहे."

पुरावा म्हणून वकिलाने टेबलावर पत्रांचा गठ्ठा ठेवला. सगळी पत्रे माझ्या हातची. मुंबईच्या दलालाकडून ती मुद्दाम परत मागवली होती.

आंब्याच्या मोसमात बाप आमच्याकडे येत असे. गावात सगळेच त्याला आबा म्हणत, त्यामुळे मी म्हटले तरी कोणाच्या कानाला खटकत नसे. पायरीवर बसून तो हाक मारी, "चेडवा, दलालाक पत्र लिवूचा आसा." तो सांगे, मी लिही. पेट्या कोणत्या बोटीने पाठवल्या, मागच्या मालाचा भाव का पाडला. पत्र पुरे झाले की तो कागद लांब धरून बघे. "छापल्यासारख्या अक्षर आसा गो तुझा." जाताना दोन-चार आंबे ठेवी. चार मोसम असे गेले. त्याच्या घरात लिहिणारे असताना तो आपल्याकडे येतो, म्हणजे आपल्याला मुलगी मानतो, असा माझा समज होता.

"या पत्रांबद्दल तुला मोबदला मिळत होता?" वकिलाने विचारले.

"आंबे मिळायचे."

"म्हणजे मिळत होता."

"पगार नव्हता."

"मग कशाला लिहीत होतीस?"

"बापाची पत्रे होती म्हणून."

मागून कोणीतरी बोलले, "आबानू, चेडू झाला, पेढे खंय?" या वेळी पट्टेवालाही हसला. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर पेन्सिल आपटली. बापाने मान वर केली नाही. गठ्ठ्याची सुटलेली सुतळी तो बोटाभोवती गुंडाळत होता.

पुढची तारीख पंधरा दिवसांनी होती. त्याआधी त्याचा माणूस निरोप घेऊन आला. "आबांनी सांगितल्यानी, कोर्टाचो हुकूम सोडा, मी आसय मा. चेडवाक दलालाच्या पेढीर चिकटवतंय."

आईने हो म्हटले. मला विचारले नाही.

"आये, माका नोकरी नको. माका हुकूमच होयो."

"गप रव गो. आसा ता पण जायत."

ती चुलीकडे तोंड करून बोलली. कोर्टातला हात मी विसरेन. ती पाठ विसरणार नाही.

तारखेला आई आली, पण तडजोड तिने तोंडातून काढण्याआधीच मी उभी राहिले. साहेबांसमोर मालवणी चालत नसे. मी शाळेतले मराठी बोलले.

"मला लिहिता येते. यांचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा नापास झाला. लिहिता त्यालाही येते. त्याला हे घरातून खायला घालतात, शाळेत पाठवतात. तो कमावता का नाही, हे यांना कोणी विचारले आहे का? मला अकरावी पुरी करायची आहे."

वकील म्हणाला, हे अप्रस्तुत आहे. मॅजिस्ट्रेटनी तरी माझे म्हणणे लिहून घेतले.

मी अठरा वर्षांची होईपर्यंत हुकूम कायम राहिला. बाप पुन्हा आमच्या पायरीवर बसला नाही. आई बरेच दिवस माझ्याशी कामापुरते बोलली.

मॅट्रिकचा फॉर्म भरताना हेडमास्तर बापाच्या नावाच्या रकान्यापाशी थांबले. शाळेच्या दप्तरात तोवर तिथे काहीच नव्हते.

"रिकामा ठेवूया. उगाच चार लोक विचारतील."

मी कोर्टाच्या निकालाची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. "पूर्ण नाव लिहा, सर. आडनावासकट."

"एवढे झाले तरी त्याचा अभिमान वाटतो तुला?"

"नाही, सर. त्यांना ते खोडता येऊ नये म्हणून."

त्यांनी लिहिले. ते नाव मी आजही लावते. त्याच्या मुलांनी दोनदा माणूस पाठवून ते काढायला सांगितले. काढणार नाही.