संधी

एकाहत्तरच्या युद्धकाळात मी नागपूरच्या एका महाविद्यालयात शिकवत होतो. साताऱ्याहून येऊन मला वर्षही झाले नव्हते. सभागृहाच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते आणि आत वादविवाद स्पर्धेत रोज दुपारी विद्यार्थी बाजू मांडीत: युद्ध संपल्यावर जिंकलेला मुलुख सोडावा की राखावा?

मागच्या बाकावर एक अनोळखी म्हातारा येऊन बसे. तो कानामागे तळहात धरून सारे ऐके, पण टाळी कोणासाठीच वाजवीत नसे. विद्यार्थी त्याला हेर म्हणत. मलाही ते अशक्य वाटत नव्हते.

शेवटच्या दिवशी भाषणे संपली. निकाल मला द्यायचा होता. म्हाताऱ्याने मला दारात गाठले आणि हलक्या आवाजात विचारले, "साहेब, संधी कधी येईन?"

मी त्याचे मनगट धरले. "कसली संधी? कशाच्या पाळतीवर आहात तुम्ही?"

शेजारचा विद्यार्थी हसला. "सर, हिंदीतली संधी. संधी म्हणजे तह. तहाचं विचारून राहिला तो. काहून गा बाबा, फौजेत कोणी आहे काय?"

"पोरगा आहे. संधी झाली का येतो म्हणे." म्हातारा माझ्याकडे वळला. "तुम्ही लोक मुलुख सोडत नाही म्हणता, साहेब. मंग त्याले कोण सोडन?"

मी मनगट सोडले.

मुलुख राखा म्हणणाऱ्यांची भाषणे निःसंशय सरस होती. मी व्यासपीठावर गेलो. म्हातारा पुन्हा मागच्या बाकावर कानामागे हात धरून बसला होता.

निकाल मी जाहीर केला नाही.