उभी टाकी, आडवी टाकी

वडशाच्या ज्या राइस मिलमध्ये माझा मोठा भाऊ बॉयलर सांभाळायचा, तिथे उसना, म्हणजे उकडा, तांदूळ सुकवायचे वाफेवरचे दोन ड्रायर होते. त्यांतून परत येणारं उकळतं पाणी एका बंद टाकीत घ्यायचं ठरलं. दाब उतरला की त्यातल्या थोड्या पाण्याची पुन्हा वाफ होते. वाफ वरून निघते, पाणी खालून. टाकी उभी असावी की आडवी, एवढाच प्रश्न होता.

नागपूरहून आलेल्या इंजिनिअरने आवारात चुन्याची रेघ मारली. टाकी आडवी, इथे. पाणी एकदम आलं तरी आडव्या टाकीत ते पसरतं, वाफ सुटी व्हायला वेळ मिळतो.

त्याच जागी दर हिवाळ्यात नाटकाचा मंडप घातला जायचा. यंदा भावाला पहिल्यांदाच राजाचं काम मिळालं होतं. मी त्याचा डबा घेऊन गेलो होतो.

"आडवी टाकली तं मंडप काय तुमच्या डोस्क्यावर बांधाचा, साहेब?" भाऊ म्हणाला.

"याले उभीच पाहिजे," ड्रायरवाला हसला. "राजा झाला ना यंदा!"

"उभीत जागा कमी," इंजिनिअर म्हणाला. "दोन्ही ड्रायर एकदम चालू केले, तर पाणी वाफेच्या पायपात चढेल."

"मंग एकेक करू ना. इथी कोणाले घाई हाय?"

मालकालाही नाटक हवं होतं. उभी टाकी बसवली.

नवं धान आलं, तशी घाई आली. एका सकाळी दोन्ही ड्रायर एकदम सुरू झाले. भावानेच तसं सांगितलं, असं ड्रायरवाला म्हणतो. भाऊ मान हलवून नाही म्हणतो. तिसरं कोणी तिथे नव्हतं. पाणी पायपात चढलं, वळणावर आदळलं, जोड फुटला. भाऊ त्या जोडाखालीच होता. चेहरा भाजला, वाफ श्वासाबरोबर घशात गेली. तो वाचला. आवाज गेला, घोगरी कुजबुज उरली.

मंडप ठरल्या जागी घातला गेला. राजाचं काम ड्रायरवाल्याने केलं. तालमी पाहून त्याला संवाद पाठ होते. भावाने घराचं दार लावून घेतलं. नाटकाचा भोंगा तरीही ऐकू येत होता.

उन्हाळ्यात इंजिनिअर आडवी टाकी घेऊन आला. भाऊ तोवर मिलच्या फाटकावर राखणीला बसू लागला होता. चुन्याची रेघ पुसली गेली होती. "जागा नक्की कुठली?" इंजिनिअरने विचारलं. बॉयलर चालू होता. भावाचं कोणाला ऐकू गेलं नसतं. तो उठला, चालत गेला आणि मंडपाच्या मधल्या खांबाचा खड्डा होता तिथे जाऊन उभा राहिला.