आठ-आठच्या दोन पट्ट्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शेजारच्या दुकानातला मित्र रोज माझ्या बाकावर बसून चहा पितो, त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय — विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं बरं आहे.

इंदापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक म्हणतात, सरळ माणूस. हल्ली हा शब्द ऐकला की डोकं फिरतं माझं. कुणी ठरवलं? कशावरून?

सगळं रॅमपासून सुरू झालं — नाही, खोटं. माझ्यापासून झालं. पण रॅम कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटर काम करताना ज्या जागेवर सामान पसरतो, ती जागा म्हणजे रॅम. जागा मोठी तर काम झरझर. दिसायला हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपा. तिच्या पिढ्या असतात — डीडीआर थ्री, फोर, फाइव्ह — आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. मग एआयची लाट आली. चिपा बनवणाऱ्या कंपन्या मोठमोठ्या सर्व्हरच्या महागड्या मेमरीकडे वळल्या, आपल्या साध्या मशीनला लागणारी फोरची पट्टी बाजारात मिळेना. जी मी ड्रॉवरमध्ये कशीही टाकून द्यायचो, तिचा भाव पळत सुटला. पुण्याचा होलसेलवाला सकाळचा दर दुपारी पाळेना.

पण बाजार चढला म्हणून नियत फिरते का? ज्यांची फिरली नाही ते काय वेगळ्या बाजारात बसले होते?

लासुर्ण्याच्या वैशालीताई लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. सासऱ्यांनी मेंढरं विकून शेती धरली, सुनेनं कॉम्प्युटर धरला. मशीन माझ्याच दुकानातलं. दर पडलेले असताना त्यात आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मी स्वतः बसवल्या होत्या. साफसफाईला ते मशीन घेऊन आला त्यांचा धाकटा दीर, बापू. लोणी देवकरला कारखान्यात कामाला. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून, दोरीनं बांधून आणलं होतं.

"वहिनीचा जीव हाय ह्यात. जपून करा," म्हणाला, आणि ड्युटीला गेला.

मी मशीन उघडलं. धूळ काढली. दोन्ही पट्ट्या काढल्या. एका गिऱ्हाइकाला तशाच हव्या होत्या, तो वाटेल तो भाव द्यायला तयार होता. ताईंच्या मशीनमध्ये चारची एक जुनी पट्टी बसवली आणि स्क्रू आवळले. वर गाणं गुणगुणत होतो.

व्हिडिओ अडकायला लागला. ताईंनी मशीन बारामतीला दाखवलं, तिथं खरं कळलं. त्यांनी मला फोन केला. भांडायला नाही — विचारायला. तेव्हा मी काय म्हणालो? "ताई, माझ्याकडं आलं तेव्हा आत चारचीच पट्टी होती. मला वाटलं, भाव वाढलेत म्हणून तुम्हीच विकल्या."

ताई हळूच म्हणाल्या, "आणलं तर बापूंनीच." त्यावर मी त्यांना ऐकू जावा असा एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा! चोरीपेक्षा त्या सुस्काऱ्यासाठी स्वतःला जोड्यानं मारावंसं वाटतं.

बापूनं नुकताच नवा फोन घेतला होता. घरच्यांना तेवढं पुरलं.

तो दुकानात आला तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. "शेठ, तुमी तरी खरं सांगा. म्या पेटी उघडली बी न्हाय!" आवाज चढला होता, डोळे भरले होते. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "बापूराव, घरचं भांडण घरात मिटवा. इथं धंदा चालू आहे." कुणीतरी हसलं. तो पायऱ्या उतरून गेला.

बापू घर सोडून लोणी देवकरला खोली करून राहिला. आईच्या आजारपणातही तो आणि ताईंचा नवरा, दोघं भाऊ दवाखान्यात वेगवेगळ्या वेळी यायचे म्हणे. हे मला वैशालीताईंनीच सांगितलं — दुकानात बसून, मी मागवलेला चहा पीत. वर म्हणाल्या, "तुमच्यावर भरवसा म्हणून बोलते." मी मान हलवली. अशी माणसं असतात जगात, आणि त्यांच्यापुढं माझ्यासारखी बसलेली असतात.

मागच्या महिन्यात कारखान्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघायला लोणी देवकरला गेलो. गेटजवळ बापू दिसला. वाटलं, आता गचांडी धरणार. धरायला हवी होती. मी थांबलो.

तो जवळ आला. माझ्या हातातली जड पिशवी घेतली. ऑफिसच्या दारापर्यंत आणून दिली आणि खाली बघत म्हणाला, "शेठ, तवा तुमच्या दुकानात लोकांपुढं आवाज चढवला. तुमचा काय दोष न्हवता. मनात ठेवू नका."

बोलायला तोंड होतं. जागा होती. ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या बापूराव. मी कधीच माफ केलंय."