चिकटलेली दोन पानं

ही हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. ती माझ्याशिवाय फक्त एका सहकाऱ्याला ठाऊक होती आणि ते आता हयात नाहीत. मी गप्प राहिलो तर ती माझ्याबरोबरच जाईल, याचा मला काही काळ आधार वाटत होता. आता तसा वाटत नाही.

मुरुमच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. चार वर्ग आणि दोन शिक्षक. गावातली निम्मी घरं कन्नड बोलणारी. पोरं घरी एका भाषेत भांडायची आणि शाळेत दुसऱ्या भाषेत पाढे म्हणायची. दुसरीच्या वर्गात अशाच एका घरातली मुलगी होती. पहिल्या दिवसापासून ती माझ्या टेबलाला चिकटून उभी राहायची.

त्या वर्षी शाळेला गोष्टींच्या सचित्र पुस्तकांचा एक गठ्ठा आला होता. त्यात बाजारात हरवलेल्या शेळीची एक गोष्ट होती. चित्रातल्या शेळीवर बोट ठेवून ती ‘आडु’ म्हणायची, मी ‘शेळी’ म्हणायचो, आणि ती मान हलवून ‘शेळी’ म्हणायची. दुपारची खिचडी झाली की हात फ्रॉकला पुसत ते पुस्तक घेऊन यायची.

“सर, शेळीचं वाचा.”

“काल वाचलं की.”

“काल शेळी सापडली. आज परत हरवली आसंल.”

मी रोज वाचायचो. खरं सांगतो, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला दुसरं काही इतकं आठवत नाही. तापलेल्या पत्र्याचा आवाज, ओसरीत हातपाय पसरून बसलेली पोरं, आणि माझ्या गुडघ्याला टेकलेलं ते डोकं. ती दुपार आजही मला हवी असते. जेवण झालं की अजूनही हात काहीतरी शोधतो.

दिवाळीनंतर एक दिवस ती म्हणाली, “आज म्या वाचते.” आणि तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठं अडखळणं नाही. योग्य ठिकाणी थांबणं, शेळीचा आवाज वेगळा, व्यापाऱ्याचा वेगळा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तर हरखूनच गेलो.

चार-पाच दिवसांनी ती पुन्हा वाचत होती. कुणाच्या तरी खिचडीच्या हातानं पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. तिनं ती एकदमच उलटली. मधला मजकूर तिच्या डोळ्यांसमोर आलाच नव्हता. तरी तिनं तो सगळा जसाच्या तसा म्हटला, मग पुढच्या पानावर आली आणि बोट फिरवत पुढं गेली. मी फळ्यावर ‘बाजार’ लिहून तिला विचारलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडं बघून हसली. तिला एक अक्षर येत नव्हतं. सगळं पुस्तक तिनं कानानं पाठ केलं होतं.

ते काही वाईट नव्हतं. उलट चांगली सुरुवात होती. अशा पोराला हाताशी धरलं, एकेका शब्दावर थांबवलं, तर ते महिन्या-दोन महिन्यांत वाचायला लागतं. हे मला माहीत होतं. म्हणून तर हे लिहिणं अवघड आहे.

तेव्हा शाळांची गुणवत्ता वाढवून दाखवायची घाई चालली होती. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब भेटीला यायचे आणि कुठल्याही पोराला उभं करून वाचायला लावायचे. आम्ही भेटीत दाखवायची पोरं पुढच्या ओळीत बसवायचो. सगळीकडं तशीच रीत होती. भेटीच्या दिवशी सकाळी सहकारी म्हणाले, “सर, तुमचा टेप पुढं बसवा. बटण दाबलं की चालू.” मी हसलो. आणि शेळीचं पुस्तक टेबलावर सगळ्यात वर ठेवलं.

साहेबांनी तेच उचललं. मधलंच एक पान उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं चित्र बघितलं आणि सुरू झाली. साहेब मला म्हणाले, “कन्नड घरातली मुलगी ना ही? कमाल आहे.” वाचनाच्या तक्त्यात तिच्यापुढं शेवटच्या रकान्यात खूण झाली: गोष्ट वाचते.

त्या खुणेचा परिणाम असा झाला की शेवटच्या तासाला मी ज्या पोरांना अक्षरांसाठी वेगळं घेऊन बसायचो, त्यांतून ती उठली. ती मैदानात खेळायची आणि मी खिडकीतून बघायचो. उद्या घेऊ म्हणायचो. तिची आई एकदा शाळेच्या दारात येऊन विचारून गेली, “सर, आमच्यात मराठी न्हाय बोलत. पोरीला वाचाय येतंय का?”

“येतंय की,” मी म्हणालो. “लई छान वाचती.”

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. ती चौथीपर्यंत ढकलली गेली, पाचवीला मुरुमला गेली, तिथं वर्गात उभं केल्यावर पोरं हसली आणि सातवीत तिनं शाळा सोडली. हे मला नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेत मला पोरांना गोष्टी वाचून दाखवायला बोलावलं. आता तिथं पुस्तकं ओसरीत दोरीवर टांगलेली असतात, हवं ते पोरांनी घ्यावं. शाळा सुटताना एक बाई पुढं आली.

“सर, वळखलं का?”

आवाजानं ओळखलं. बाळंतपणासाठी माहेरी आली होती, म्हणून थोरल्या मुलीला इथंच दुसरीत बसवलं होतं. मुलगी दोरीवरचं पुस्तक छातीशी धरून उभी होती. तिनं मला लगेच सांगून टाकलं, “आईला वाचाय येत न्हाय. पुस्तकात एक आसतंय, ही दुसरंच सांगती.”

“गप गं, चोंबडी,” ती हसत म्हणाली. “चित्र बघून सांगत हुते सर, आता ही पकडती मला. तुम्ही लई जीव लावून शिकवलं. माझंच डोकं न्हवतं.”

मी म्हणालो, “असं काही नसतं, पोरी.” एवढंच.

आठवड्यानं ठरवून तिच्या घरी गेलो. तिनं आत हाक मारली, “अव्वा, सर बंदार!” तिची म्हातारी आई बाहेर आली, मला पाट दिला आणि लेकीकडं हात करून म्हणाली, “सर तवाच म्हणले हुते, लई छान वाचती म्हणून. हिनंच नंतर ध्यान दिलं न्हाय.” ती खाली मान घालून बाळाला थोपटत राहिली. मी चहा प्यालो. बशी खाली ठेवली आणि निघालो.

आता ती सासरी आहे, हद्दीपलीकडं. गुडघ्यांमुळं मला एवढा प्रवास झेपत नाही. फोनवर हे कसं बोलायचं ते कळत नाही. पत्र पाठवलं तर ते तिची मुलगीच तिला वाचून दाखवणार, हे माहीत असूनही एकदा लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला. टाकायला मात्र गेलो नाही. त्यात एवढंच आहे:

पोरी, तुझं डोकं चांगलं होतं. तुला वाचता येत नाही हे मला त्याच वर्षी कळलं होतं, आणि शिकवायचं मी सोडून दिलं. तुझ्या आईशी मी खोटं बोललो. चूक माझी होती, तुझी कधीच नव्हती. मला माफ कर.